सांधेरोपणातील संसर्गाचे रॅट मॉडेल: तयारीपासून शेवटच्या प्लेटपर्यंत

इम्प्लांटच्या संसर्गावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रोटोकॉल माझ्याकडे वाचायला येतात. शस्त्रक्रियेचा भाग बहुतेकांनी नीट लिहिलेला असतो: चीर कुठे घ्यायची, वायर किती जाडीची, टाका कोणता. जिवाणूंबद्दल मात्र एकच ओळ असते, ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस टोचले’. किती टोचले, कोणत्या अवस्थेतले, मोजले कधी, याचा पत्ता नसतो. मग सहा महिन्यांनी फोन येतो की निम्म्या जनावरांत संसर्ग धरलाच नाही, किंवा तिसऱ्या दिवशी बरीचशी दगावली. तोवर पैसा तर गेलेला असतोच, पण त्याहून मला लागते ते जनावरांचे. एवढा त्रास सोसून त्यांच्यापासून कुणालाच काही कळलेले नसते.

म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिते आहे. उदाहरण एकच घेतले आहे: रॅटच्या गुडघ्यातून मांडीच्या हाडात बसवलेली वायर आणि तिच्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा संसर्ग. मराठीत आपण रॅट आणि माऊस दोघांनाही उंदीरच म्हणतो, म्हणून इथे रॅट म्हणजे साधारण ३०० ग्रॅमचा आणि माऊस म्हणजे २५-३० ग्रॅमचा, असे धरावे.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा

‘संसर्गाचे मॉडेल तयार करणे’ हा प्रश्न नाही. ‘इम्प्लांटवर जुना बायोफिल्म (जिवाणूंचा चिकटून बसलेला थर) असताना अमुक औषध जिवाणूंची संख्या कमी करते का?’ हा प्रश्न आहे. ‘शस्त्रक्रियेच्या वेळी थोडे जिवाणू पडले तर अमुक लेप असलेली वायर त्यांना चिकटू देते का?’ हा दुसरा. दोन्हींना वेगवेगळी मॉडेल लागतात. पहिल्यात संसर्गाला मुरायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात आणि उपचार त्यानंतर सुरू होतो. दुसऱ्यात लेप पहिल्या मिनिटापासून कामाला लागलेला असतो आणि जिवाणूंचा डोस मुद्दाम कमी ठेवावा लागतो, कारण ऑपरेशन थिएटरमध्ये जखमेत पडणारे जिवाणू थोडेच असतात. लाखो जिवाणू ओतून ‘लेप निकामी आहे’ असा निष्कर्ष काढलेले काम मी पाहिले आहे. त्या लेपाला खरी संधीच मिळाली नव्हती.

आधीच बायोफिल्म वाढवलेली वायर बसवणे ही तिसरी वाट. तिच्यात संसर्ग हमखास होतो, पण जिवाणू वायरला कसे चिकटतात हा टप्पाच वगळला जातो. चिकटणे थांबवण्याचा अभ्यास असेल तर ही वाट बंद समजा.

तपासा: तुमच्या वाक्यात ‘कशाच्या तुलनेत’ आणि ‘काय मोजून’ हे दोन्ही आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. प्राणी आणि इम्प्लांट निवडा

माऊस स्वस्त पडतो, त्याच्यासाठी अभिकर्मकांची रेलचेल आहे, जनुके बदललेल्या जातीही मिळतात. पण गुडघा इतका लहान की त्यात वायरच्या तुकड्यापलीकडे फारसे काही बसवणे अवघड. रॅटमध्ये हात बसायला सोपे जाते आणि रक्ताचा नमुनाही पुरेसा मिळतो. सशात स्क्रू, सिमेंट आणि खऱ्या सांध्याच्या जवळ जाणारा भाग बसवता येतो, आणि त्याच्या हाडात माणसासारखी हॅवर्सियन रचना (रक्तवाहिनीभोवती हाडाची वर्तुळाकार वलये) असते, जी रॅट-माऊसच्या हाडात जवळपास नसते. सिमेंटने बसवलेल्या, पूर्ण वजन पेलणाऱ्या सांध्याचा प्रश्न असेल तर मेंढी. मात्र तिथे खर्च, परवानगी आणि जागा यांचे गणित पार बदलते.

निवडताना दोन चुका नेहमी दिसतात.

पहिली वयाची. रॅटच्या हाडाची वाढचकती (जिथून हाड लांबीत वाढते ती पट्टी) कित्येक महिने उघडी राहते. सहा आठवड्यांच्या पिल्लात वायर घातली तर हाड वायरभोवती वाढत राहते आणि एक्स-रेमध्ये दिसणारा बदल वाढीचा की संसर्गाचा, हे सांगता येत नाही. निदान १२ आठवडे पूर्ण झालेले, वजनात फार फरक नसलेले रॅट घ्या. सशासाठी सहा-सात महिने थांबा.

दुसरी औषधाची. सशाला तोंडावाटे क्लिंडामायसिन, अँपिसिलिन यांसारखी औषधे दिली की आतड्यातले जिवाणू बिघडून जीवघेणा जुलाब होतो. उपचाराचा गट ठरवताना हे लक्षात आले नाही, तर जनावर संसर्गाने नव्हे, तुमच्या औषधाने मरेल.

इम्प्लांटचा धातू प्रश्नाला धरून ठेवा. सांध्याचे बरेच भाग टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात, बाजारात सहज मिळणारी के-वायर (हाडात घालायची बारीक तार) बहुधा स्टेनलेस स्टीलची. जिवाणू दोन्हींना सारखे चिकटत नाहीत, आणि मायक्रो-सीटीत (लहान नमुन्यांच्या सूक्ष्म सीटी स्कॅनमध्ये) स्टील टायटॅनियमपेक्षा जास्त रेघा-सावल्या पाडते. एकदा धातू ठरला की सगळ्या वायरी एकाच बॅचच्या, एकाच लांबीच्या, कापलेली टोके घासून गुळगुळीत केलेल्या आणि एकाच पद्धतीने स्वच्छ करून ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या) हव्यात. कापलेले खरखरीत टोक हे जिवाणूंना आयते घर असते.

## ३. परवानग्या कामाच्या आधी

रॅट, माऊस, ससा यांच्या प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची, म्हणजे आयएईसीची मंजुरी लागते. अर्ज फॉर्म बी मध्ये. मेंढीसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी प्रकरण पुढे सीसीएसईएकडे जाते (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती, पूर्वीची सीपीसीएसईए, जी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली चालते). चमकणारे, म्हणजे जनुक बदलून प्रकाश देणारे जिवाणू वापरणार असाल तर जैवसुरक्षा समितीकडे वेगळा अर्ज करावा लागतो. हा अर्ज हटकून विसरला जातो.

वेदनाशामकांची सोयही आत्ताच लावा. ब्युप्रेनॉर्फिन आणि केटामाइन नियंत्रित औषधे आहेत. परवाना, साठ्याची नोंदवही आणि जबाबदार पशुवैद्यक यांच्याशिवाय ती हातात येत नाहीत. शस्त्रक्रियेच्या आठवड्यात ‘औषध अजून आले नाही, तूर्त पॅरासिटामॉल देऊ’ असे म्हणायची वेळ येत असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकला. हाडात वायर घातलेल्या जनावराला ते पुरत नाही.

## ४. गट आणि संख्या ठरवा

किमान चार गट:

- वायर आहे, जिवाणू नाहीत
- जिवाणू आहेत, वायर नाही (हाडात वाट तेवढी केलेली)
- वायर आणि जिवाणू दोन्ही, उपचार नाही
- वायर आणि जिवाणू, उपचारासह

दुसरा गट गाळायचा मोह सगळ्यांना होतो. पण इम्प्लांट-संसर्गाचा गाभाच त्या गटात आहे. परकी वस्तू असली की फार थोडे जिवाणू पुरतात. १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी माणसाच्या त्वचेत दाखवले होते की पू होण्यासाठी एरवी लाखोंनी जिवाणू लागतात, रेशमी टाका असेल तर शंभरच्या घरातले पुरतात. तुमच्या डोसला वायर नसतानाही हाड सडत असेल, तर तुम्ही इम्प्लांटचा संसर्ग अभ्यासत नाही, साधा ऑस्टिओमायलायटिस (हाडाचा संसर्ग) अभ्यासता आहात. निदान पायलटमध्ये (मुख्य प्रयोगाआधीच्या छोट्या चाचणीत) तरी हा गट ठेवाच.

संख्या काढताना जनावर हे एकक धरा. एका रॅटच्या हाडाच्या तीन प्लेट (जिवाणू वाढवून मोजायच्या बशा) लावल्या म्हणून नमुने तीन होत नाहीत, नमुना एकच. कोणते जनावर कोणत्या गटात हे यादृच्छिक क्रमाने आधीच ठरवून बंद पाकिटात ठेवा, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हातात फक्त क्रमांक लिहिलेली नळी द्या. जंतू असलेले द्रावण कोणते आणि कोरे कोणते हे ज्याला ठाऊक असते, त्याचा हात नकळत वेगळा चालतो.

सावधान: जिवाणू मोजण्यासाठी कुटलेले हाड हिस्टॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहायला) वापरता येत नाही. दोन्ही हवे असेल तर वेगळी जनावरे लागतात, आणि ती संख्या फॉर्म बी मध्ये आत्ताच असायला हवी. मंजुरीनंतर हे आठवले तर दुरुस्तीचा अर्ज करून पुन्हा बैठकीची वाट पाहणे आले.

## ५. जिवाणू तयार करा आणि मोजा

सगळ्या लेखातला हा टप्पा मी सर्वांत सविस्तर लिहिते आहे, कारण बहुतेक मॉडेल इथेच फसतात.

स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा ठरावीक वाण. एटीसीसी २५९२३ प्रत्येक प्रयोगशाळेत असतो, कारण औषध-संवेदनशीलतेच्या चाचणीत तो कंट्रोल म्हणून लागतो. हाताशी आहे एवढ्याच कारणाने तो मॉडेलमध्ये वापरू नका. हाडाच्या संसर्गातून वेगळा केलेला यूएएमएस-१ अशा कामांत बराच वापरला जातो. प्रमाणित स्ट्रेन पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहातून मागवता येतात, आपल्याला हवा तो तिथे आहे का ते आधी विचारून घ्या. रुग्णाकडून आलेला स्ट्रेन घ्यायचा तर नैतिकता समितीची वेगळी मंजुरी, पूर्ण ओळख आणि अँटिबायोग्राम (कोणते प्रतिजैविक त्याच्यावर चालते याची चाचणी) आधी.

स्ट्रेन आला की एकाच दिवशी २०-३० व्हायल ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर गोठवून ठेवा. प्रत्येक शस्त्रक्रियेला नवी व्हायल. फ्रिजमधल्या प्लेटवरून पुन्हा पुन्हा उचलत राहिलात तर सहाव्या महिन्यातला जिवाणू पहिल्या महिन्यातला राहत नाही.

वाढ. रात्रभर ब्रॉथमध्ये (पोषक द्रवात) वाढवलेले कल्चर जसेच्या तसे वापरणे ही नेहमीची चूक. त्यात मेलेले, थकलेले आणि वाढते असे सगळेच असतात, शिवाय ब्रॉथमध्ये साठलेली विषेही असतात. सकाळी रात्रीच्या कल्चरमधून ताज्या ब्रॉथमध्ये थोडे घ्या, ३७ अंशांवर हलवत दोन-तीन तास वाढू द्या. मग सेंट्रिफ्यूज करून पीबीएसने (क्षारांच्या निर्जंतुक द्रावणाने) दोनदा धुवा. दर धुण्यानंतर चांगले व्हॉर्टेक्स करा (यंत्रावर जोरात घुसळा). स्टॅफिलोकॉकस घोसाने राहतो. घोस सुटला नाही तर प्लेटवर एक वसाहत दिसते, आणि जनावरात गेलेले असतात दहा.

मोज. स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचा आकडा म्हणजे जिवाणूंची संख्या नव्हे. तुमच्या यंत्रावर, तुमच्या स्ट्रेनची, गढूळपणा विरुद्ध प्रत्यक्ष वसाहती अशी रेघ तीन वेगवेगळ्या दिवशी काढा. दुसऱ्याच्या पेपरातली रेघ उसनी घेऊ नका.

आता हिशेब. समजा १० मायक्रोलिटरमध्ये १०,००० जिवाणू द्यायचे आहेत. म्हणजे मिलिलिटरला १० लाख. हे द्रावण हजार पट विरळ केले की मिलिलिटरला १००० उरतात. त्यातले १०० मायक्रोलिटर प्लेटवर पसरले की उद्या सकाळी सुमारे १०० वसाहती दिसायला हव्यात. ५० दिसल्या तर तुम्ही ५००० दिले, २०० दिसल्या तर २०,०००. या दोन टोकांच्या बाहेर आकडा गेला तर त्या दिवसाची जनावरे विश्लेषणात घ्यायची की नाहीत, याचा नियम प्रयोगाआधीच लिहून ठेवा. निकाल पाहून तो ठरवायचा नसतो.

प्लेट दोनदा लावा: पहिल्या जनावराआधी आणि शेवटच्या जनावरानंतर. मधल्या काळात नळी बर्फावर. आठ रॅट करायला चार तास लागत असतील आणि नळी टेबलावर राहिली असेल, तर पहिल्या आणि आठव्या रॅटला एकच डोस मिळालेला नाही.

तपासा: शस्त्रक्रिया न करता ही पूर्ण कवायत तीन वेगवेगळ्या दिवशी करा. तिन्ही दिवशी आकडा ५० ते २०० मध्ये आला, तरच जनावरांची मागणी नोंदवा.

## ६. मृत रॅटवर हात बसवा

दुसऱ्या कुठल्या प्रयोगातून उरलेली मृत जनावरे अ‍ॅनिमल हाऊसकडे मागा. निदान दहा गुडघे करा. मांडीच्या हाडाची पोकळी किती रुंद आहे ते एक्स-रेवर मोजून वायरची जाडी ठरवा. वायर सैल बसली तर ती हलून हाड झिजते आणि एक्स-रेत संसर्गासारखीच दिसते. जाड झाली तर हाड चिरते.

वाट करायची ती दोन्ही गोलाकार टोकांच्या मधल्या खाचेतून, सुई बोटांत फिरवत, हाडाच्या रेषेत. सुई तिरकी गेली की मागच्या किंवा पुढच्या भिंतीतून बाहेर पडते. प्रत्येक सरावानंतर दोन दिशांनी एक्स-रे काढा. ओळीने पाच गुडघे बिनचूक आले की जिवंत जनावराकडे वळा.

## ७. पायलट: डोस शोधा

माऊसमध्ये शे-हजार जिवाणूंत काम होते, रॅट जास्त चिवट. १०००, १०,००० आणि १ लाख अशा पायऱ्या घ्या, प्रत्येकी तीन-चार जनावरे, जोडीला जिवाणूंशिवाय वायरवाली तीन आणि वरच्या डोसची बिनवायरीची तीन. दोन आठवड्यांनी काढा.

निवडायचा तो सर्वांत कमी डोस, ज्यात वायरवाल्या जवळजवळ सगळ्या जनावरांत संसर्ग आहे, तो सांध्या-हाडापुरता आहे, आणि जनावर खाते-पिते-फिरते आहे. पू जास्त आला म्हणजे मॉडेल चांगले, अशी एक समजूत आहे. रक्तात जिवाणू पसरून जनावर खंगत असेल तर ते सेप्सिसचे मॉडेल झाले, आणि जनावराचे हालही झाले.

## ८. शस्त्रक्रियेचा दिवस

क्रम असा ठेवा.

1. सकाळी वजन. वेदनाशामक चिरेच्या आधी, नंतर नव्हे.
2. जिवाणू नसलेला गट आधी, जिवाणूवाले सगळे नंतर. यादृच्छिक क्रम त्या-त्या भागाच्या आतला. गुप्ततेसाठी दोन्ही भाग मिसळायचेच असतील तर प्रत्येक जनावराला हत्यारांचा वेगळा निर्जंतुक संच लागेल. तेवढे संच नसतील तर मिसळू नका, आणि निकाल वाचणाऱ्यापुरती तरी गुप्तता पाळा.
3. भूल शक्यतो आयसोफ्लुरेनची. खाली गरम पॅड, डोळ्यांत मलम. लहान जनावर भुलेखाली झपाट्याने गार पडते आणि तेवढ्यानेच दगावू शकते.
4. केस कापायचे ते शस्त्रक्रियेच्या टेबलापासून लांब. मग त्वचा अँटिसेप्टिकने स्वच्छ करा आणि पूर्ण वाळू द्या.
5. गुडघ्याच्या आतल्या बाजूने चीर, सांध्याचे आवरण उघडून वाटी बाहेरच्या बाजूला सरकवा, गुडघा वाकवा.
6. सुईने वाट करा, वायर सावकाश सरकवा, टोक सांध्यात सुमारे १ मिलिमीटर बाहेर ठेवा. वायर जोरात दाबली तर मज्जेतली चरबी रक्तात ढकलली जाते.
7. सांधा निर्जंतुक कापसाने टिपून कोरडा करा. वायरच्या टोकावर १० मायक्रोलिटर थेंब ठेवा, मिनिटभर थांबा.
8. वाटी जागेवर बसवा, आवरण आणि त्वचा वेगवेगळी शिवा.

सातव्या पायरीबद्दल थोडे जास्त. बरेच जण आधी हाडाच्या पोकळीत द्रावण सोडतात आणि मग वायर घालतात. वायर पिचकारीच्या दट्ट्यासारखी काम करते, आणि द्रावण बाहेर येते. तो ओघळ मांडीच्या स्नायूवर उतरताना भिंगातून स्पष्ट दिसतो. किती आत राहिले आणि किती बाहेर गेले, हे मग कुणीच सांगू शकत नाही. वायर आधी, थेंब नंतर. थेंब ठेवल्यावर धुवायचे नाही.

टाका विरघळणारा, त्वचेच्या आतून. बाहेर गाठ दिसली की रॅट ती कुरतडतोच. रेशीम तर अजिबात नको, ते स्वतःच परकी वस्तू आहे.

सावधान: अँटिसेप्टिकचा अंश सांध्यात उतरला तर जिवाणू तिथेच मरतात. लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन या भुलेच्या औषधांनाही जिवाणू मारण्याचा गुण आहे. ती सांध्यात सोडू नका. त्वचेखाली देणार असाल तर सगळ्या गटांना सारखीच, आणि पायलटपासून.

तपासा: पाय सरळ असताना वाटी जागेवर आहे ना, हे बोटाने चाचपून पाहा. निसटलेल्या वाटीने लंगडणारे जनावर संसर्गाने लंगडते आहे असे वाटत राहते. भूल उतरण्याआधी एक्स-रे.

## ९. नंतरचे दिवस

आमच्याकडे एकदा पूर्ण फेरी वाया गेली. शस्त्रक्रिया उत्तम, प्लेटवरचा डोस बरोबर, आणि दोन आठवड्यांनी १२ पैकी १० जनावरांत जिवाणू शून्य. आठवडाभर शोधत होतो. शेवटी पिंजऱ्यांच्या देखभालीची वही पाहिली. रात्रपाळीच्या मदतनीसाने, इतर सगळ्या शस्त्रक्रियांनंतर द्यायच्या सवयीप्रमाणे, तीन दिवस एन्रोफ्लॉक्सॅसिन दिले होते. त्याचा हेतू जनावराच्या भल्याचाच होता. आम्हीच त्याला प्रयोग समजावून सांगितला नव्हता. त्या दिवसापासून प्रत्येक पिंजऱ्यावर मोठ्या मराठी अक्षरांत पाटी असते: ‘प्रतिजैविक देऊ नये. तब्येत बिघडल्यास या क्रमांकावर फोन करावा.’ आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मदतनीसांसोबत दहा मिनिटे बसून सगळे सांगायचे.

संसर्गवाली आणि स्वच्छ जनावरे एका पिंजऱ्यात ठेवू नका. रॅट एकमेकांना चाटतात, विष्ठा खातात. पिंजरे साफ करतानाही स्वच्छ गट आधी.

ब्युप्रेनॉर्फिन पशुवैद्यकाने ठरवलेल्या वेळी, निदान पहिले तीन दिवस. मेलॉक्सिकॅमसारखे औषध दाह कमी करते आणि हाडाच्या जुळण्यावरही परिणाम करू शकते. द्यायचे असेल तर सर्व गटांना सारखे द्या आणि लेखात नोंदवा. पण ‘निकालावर परिणाम होईल’ म्हणून वेदनाशामकच द्यायचे नाही, हे मान्य नाही. वेदनेत असलेल्या जनावराची प्रतिकारशक्तीही बदललेली असते.

रोज एकाच वेळी, एकाच माणसाने गुण भरायचे: वजन, पाय टेकतो का, अंगावरचे केस, डोळे-नाकाभोवती तांबडा स्राव, जखम. पहिल्या दोन-तीन दिवसांत वजन थोडे उतरते, मग चढायला लागते. २० टक्क्यांपर्यंत उतरले, हाड मोडले, किंवा जनावर उठून पाण्यापर्यंत जात नसेल तर त्याच दिवशी त्याला वेदनारहित मृत्यू द्या. हा निर्णय कोण घेणार, त्याचे नाव आणि फोन दारावर हवा. रविवारीसुद्धा.

रक्तातल्या तपासण्यांबद्दल एक सूचना. माणसात संसर्गाचा मागोवा सीआरपीने (दाह झाला की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाने) घेतात म्हणून माऊसमध्येही सीआरपीचे किट मागवले जाते. माऊसमध्ये सीआरपी फारसे वाढतच नाही. तिथे सीरम अ‍ॅमिलॉइड ए पाहावे. रॅटमध्ये सीआरपी मुळातच भरपूर असते आणि संसर्गात माफकच चढते, म्हणून अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन किंवा अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन बरे. सशात मात्र सीआरपी छान चढते.

## १०. उपचाराचा गट असेल तर

माणसाचा डोस किलोच्या हिशेबाने रॅटला देऊ नका. लहान प्राणी औषध झपाट्याने बाहेर टाकतात. रक्तातली पातळी माणसात असते तिच्या जवळ जाईल असा डोस हवा. माऊसमध्ये वँकोमायसिन किलोला ११० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असे दिले जाते ते याच कारणाने.

उपचार संपला की लगेच जनावर काढू नका. हाडात उरलेले औषध प्लेटवर उतरते आणि जिवाणू असूनही वाढत नाहीत. निदान काही दिवस मोकळे सोडा, अर्धायुष्य लांब असलेल्या औषधाला त्याहून जास्त. रिफाम्पिसिन वापरत असाल तर एक प्लेट रिफाम्पिसिन घातलेल्या अगारची लावा. या औषधाला प्रतिरोध फार लवकर येतो, आणि ते एकट्याने देणाऱ्या गटात तो दिसला तर तोही निकालच आहे.

## ११. नमुने काढा

स्वच्छ गट आधी, हा नियम इथेही. त्वचा निर्जंतुक करून उघडा, आणि प्रत्येक थराला हत्यार बदला. त्वचेवरचा जंतू वायरवर आला तर तो तुमच्या निकालात शिरतो.

वायर बाहेर काढून पीबीएसमध्ये हलकेच तीनदा बुडवा, म्हणजे न चिकटलेले जिवाणू जातील. मग ठरलेल्या द्रवात घालून ३० सेकंद व्हॉर्टेक्स, ५ मिनिटे सोनिकेशन (ध्वनिलहरींनी जिवाणू सुटे करणे), पुन्हा व्हॉर्टेक्स. सोनिकेटरच्या टाकीत बर्फ घाला, कारण पाणी तापते. हाड आणि सांध्याचे आवरण वेगवेगळ्या नळ्यांत वजन करून, बर्फावर, टप्प्याटप्प्याने कुटा. दुसऱ्या पायाचा गुडघाही लावा. तिथे जिवाणू असतील तर संसर्ग रक्तातून पसरला होता.

तपासा: सोनिकेशन जिवाणूंना मारत तर नाही ना? मोजलेले द्रावण ०, ५ आणि १० मिनिटे सोनिकेट करून प्लेट लावा. आकडा घसरत असेल तर वेळ कमी करा. हे पायलटच्याही आधी.

प्लेटवर काही आले नाही तरी उरलेला द्रव ब्रॉथमध्ये घालून निदान सात दिवस ठेवा. बायोफिल्ममधून निघालेले मंद जिवाणू उशिरा उगवतात. जे उगवले ते तुम्ही दिलेलेच का, हेही पाहा: कोॲग्युलेज चाचणी, अँटिबायोग्राम, शक्य असेल तर जनुकीय ओळख. रॅटच्या अंगावर स्वतःचे स्टॅफिलोकॉकस असतातच.

## १२. आकडे लिहा

जिवाणूंच्या संख्या लॉगमध्ये मांडा, आणि ‘शून्य’ लिहू नका. वायर २ मिलिलिटरमध्ये सोनिकेट केली आणि त्यातले १०० मायक्रोलिटर पसरले, तर प्लेटवरची एक वसाहत म्हणजे मूळ द्रवात २० जिवाणू. प्लेट कोरी आली तर खरे उत्तर ‘२० पेक्षा कमी’ असे आहे. ब्रॉथ गढूळ झाला असेल तर ते जनावर संसर्गमुक्त नाही. ‘औषधाने जिवाणू नाहीसे केले’ हे वाक्य प्लेट आणि ब्रॉथ दोन्ही कोरे असतील तरच लिहा.

वगळलेले प्रत्येक जनावर कारणासह लिहा: भुलेत गेले, हाड मोडले, डोस चुकला. अराइव्ह २.० ची यादी (प्राण्यांवरील प्रयोगात काय काय नोंदवायचे याची) लेख लिहिताना उघडू नका, प्रोटोकॉल लिहितानाच उघडा. तीत विचारलेल्या अर्ध्या गोष्टी नंतर आठवत नाहीत.

प्रत्येक जनावरातून मिळालेली एक वसाहत ग्लिसरॉलमध्ये, जनावराच्या क्रमांकासह उणे ८० ला ठेवा. परीक्षक वर्षभराने विचारतात. मृत जनावरे आणि अवयव पिवळ्या पिशवीत, सुया आणि वायरींचे तुकडे टोचणार नाही अशा पांढऱ्या डब्यात, आणि कल्चरच्या प्लेट आधी ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर.